खाडीपलीकडची वाट

गेल्या मार्गशीर्षाच्या आरंभीं आमच्या घरांत एक लहानसा वाद उपस्थित झाला. थोरल्या बंधूंची धाकटी कन्या आणि आमचे चिरंजीव या दोघांनीं रात्रीच्या जेवणाचे वेळीं असें जाहीर केलें कीं, यंदा कुलदर्शनासाठीं गुहागरला आम्ही मोटारींतून येणार नाहीं, पुण्याहून सायकलवर जाऊं. वहिनींच्या हातांतील आमटीचा डाव क्षणभर थांबला. “देवाच्या दारांत घामाघूम होऊन उभं राहायचं?” एवढेंच त्या म्हणाल्या. दादा कांहीं बोलले नाहींत. आणि आमच्या घरांत दादांचें मौन म्हणजे नकार, हें सर्वांस ठाऊक आहे.

आम्हीहि त्या वेळीं वडील मंडळींच्याच पक्षाचे होतों, हें येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. सायकलचें आम्हांस वावडें नाहीं. पुण्याला सायकलींचें शहर म्हणत त्या काळांत आमच्या नोकरीचीं पहिलीं वर्षें बावीस इंची काळ्या सायकलवरच गेलीं. ‘दुचाकी’ म्हटल्यावर तेव्हां सायकलच डोळ्यांपुढें येई. पुढें तो शब्दहि मोटारसायकलींनीं बळकाविला. परंतु घरापासून शाळेपर्यंत जाणें निराळें आणि सह्याद्रि उतरून समुद्रापर्यंत जाणें निराळें, असा आमचा युक्तिवाद होता. त्यावर पुतणीनें शांतपणें विचारलें, “काका, चाळीस वर्षं तुम्ही व्याडेश्वराला जाताय. त्या तालुक्यांतल्या चार गांवांचीं नांवं सांगा बरं.” वेळणेश्वर आणि हेदवी हीं दोन आम्हीं सांगितलीं. तिसरें आठवेना. उभा जन्म मुलांना संस्कृताबरोबर भूगोल शिकविण्यांत गेला, आणि स्वतःच्या कुलदैवताच्या परिसराचा भूगोल विचारतांच आम्ही निरुत्तर झालों.

कारण उघड होतें. पहाटे चार वाजतां पुणें सोडावयाचें, मोटारींत डुलक्या घेत गुहागर गांठावयाचें, अभिषेक, प्रसाद, एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां डुलक्या घेत परत. देवाचें दर्शन आम्ही घेत होतों. देव ज्या भूमींत उभा आहे तिचें दर्शन चाळीस वर्षांत एकदांहि घेतलें नव्हतें.

शेवटीं तोडगा निघाला तो असा. दोघांनीं पुण्याहून सायकलवर निघावें. आम्हीं आपली सायकल मोटारीवर बांधून दाभोळपर्यंत यावें. आणि तेथून पुढें तिघांनीं मिळून जावें. आमच्या वयाकडे पाहून दादांनीं आणखी एक अट घातली, ती ही कीं, चढावर उतरून चालावयाचें. ही अट आम्हीं आनंदानें पत्करली. दुसरें कांहीं आमच्यानें होण्यासारखेंहि नव्हतें.

वाचकांनीं आतां क्षणभर नकाशा पुढें घ्यावा. गुहागर तालुक्याच्या पश्चिमेस समुद्र आहे, उत्तरेस वाशिष्ठीची दाभोळ खाडी आहे आणि दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आहे. जमिनीचा सांधा काय तो पूर्वेस, चिपळूणच्या बाजूनें. द्वीपकल्पाचें इतकें चांगलें उदाहरण कुलदैवताच्या दारांत असतां आम्ही वर्गांत मुलांना अरबस्तानचें उदाहरण देत आलों! या भूमीची घडणहि मोठी विलक्षण आहे. खालीं काळा कातळ, त्यावर जांभ्याचा थर आणि माथ्यावर ओसाड, सपाट सडा. या सड्याला ओढ्यांनीं व नद्यांनीं जागोजाग चिरा पाडल्या आहेत, आणि अशा प्रत्येक चिरेच्या मुखाशीं, पुळणीच्या मागें, माडापोफळींच्या आगरांत एकेक गांव वसलें आहे. म्हणून येथला रस्ता गांवांतून निघाला कीं घाटी चढून सड्यावर जातो आणि सड्यावरून उतरला कीं पुढल्या गांवांत शिरतो. चढ शंभर मीटरांच्या आसपासचाच. परंतु तो दिवसांतून चार वेळां करावा लागला म्हणजे त्याचें मोल कळतें.

हा रस्ता अजूनहि शांत कां राहिला, याचें उत्तरहि नकाशांतच आहे. मुंबई-गोवा महामार्ग येथून बराच पूर्वेकडून, चिपळूणवरून जातो. १९९८ सालीं सर्व मार्गावर सुरू झालेली कोंकण रेल्वेहि तिकडूनच धांवते. घाईच्या प्रवाशाला समुद्राकांठानें जाण्याचें कारणच नाहीं, कारण दर कांहीं कोसांवर खाडी आडवी येते आणि रस्ता पाण्यापाशीं येऊन संपतो. पूर्वीं आगबोटी होत्या तेव्हां हीच खाडी प्रवेशद्वार होती. मुंबईहून आलेले चाकरमाने दाभोळ, जयगड अशा बंदरांत उतरत. आगबोटी बंद झाल्या आणि दार अडसर झालें. २००३ सालीं दाभोळ व धोपावे यांच्या दरम्यान मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू झाली. तत्पूर्वीं पलीकडचा कांठ डोळ्यांना दिसत असतां मोटारवाल्यांना चिपळूणवरून वळसा घालावा लागे. दक्षिणेस तवसाळ ते जयगड अशीच दुसरी फेरी आहे. या बोटींतून एका वेळीं मोजकीं वाहनें येतात. तीं पुढें निघून गेलीं कीं पुढली फेरी लागेपर्यंत रस्ता पुन्हां निजतो. सायकलस्वाराला याहून अधिक काय हवें?

मुलांनीं पुण्याहून जो मार्ग धरला तोहि सांगून ठेवतों. पौड, मुळशी, ताम्हिणी घाट आणि माणगांव हा पहिला दिवस. ताम्हिणीच्या रस्त्यावर पावसाळ्यांत व सुटीच्या दिवशीं मोटारींची एवढी झुंबड असते कीं, सायकलनें त्या दिवसांत तिकडे जाऊंच नये. कामाच्या वारीं उजाडण्यापूर्वीं चांदणी चौक मागें टाकावा, हें उत्तम. दुसऱ्या दिवशीं म्हसळ्यावरून हरिहरेश्वर. तिसऱ्या दिवशीं बागमांडल्याहून फेरीनें बाणकोटची खाडी ओलांडून वेश्वी, आणि पुढें वेळास, केळशी, आंजर्लें, हर्णै असे समुद्राच्या कडेकडेनें मुरुड. हें मुरुड दापोलीजवळचें, महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण गेलें तें. १८७५ च्या सुमारास याच गांवाहून कर्वे सह्याद्रि ओलांडून पायीं सातारला परीक्षेसाठीं गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस न बसवितां त्यांना परत पाठविण्यांत आलें. पुढें फर्ग्युसन कॉलेजांत शिकवून रोज हिंगण्याला पायीं जाणारे अण्णा हे त्या मुलाचेंच मोठें रूप होतें. मुलांनीं तेथून दूरध्वनि केला तेव्हां वहिनींना हीच गोष्ट सांगितली. “अण्णांनीं पायीं केलं तर तुम्हीं सायकलवर करायला हरकत नाहीं,” असें त्या म्हणाल्या, आणि घरांतील निम्मा विरोध त्या रात्रीं मावळला.

चौथ्या दिवशीं दाभोळच्या धक्क्यावर आम्ही त्यांना मिळालों. फेरीबोट म्हणजे तरंगतें अंगणच. मोटारी, मासळीच्या पाट्या, शाळेचीं मुलें आणि आमच्या तीन सायकली अशीं सर्व मंडळी एकाच फळीवर. पलीकडे धोपाव्याला उतरतांच घाटी समोर उभी राहिली. आम्ही मुकाट्यानें खालीं उतरून चालूं लागलों. मागें वळून पाहतों तों पुतणीहि उतरून चालत होती. तिला चढ जड नव्हता; तो तिचा विनय होता.

त्या दिवशींच्या वाटेवर वेलदूरचें कोळ्यांचें बंदर लागलें आणि अंजनवेलचा गोपाळगड लागला. हा किल्ला तुळाजी आंग्र्यांनीं सिद्द्यांकडून घेतला तेव्हां त्यास हें नांव मिळालें. त्याच्याच शेजारीं तो वीजप्रकल्प आहे, ज्याच्या नांवानें एके काळीं वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरत. १९९० च्या दशकांत एन्रॉन कंपनीच्या पुढाकारानें तो उभा राहिला, २००१ सालीं बंद पडला आणि पुढें रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीनें तो हातीं घेतला. चाळीस वर्षें आमच्या लेखीं गुहागर म्हणजे एक देऊळ होतें. त्या एका सकाळीं चौदा-पंधरा किलोमीटरांत कोळी, आंग्रे आणि एन्रॉन असे तीन काळ डोळ्यांखालून गेले. मोटारीला त्यास अर्धा तास लागतो आणि त्यांतील कांहींच दिसत नाहीं. आम्हांस तीन तास लागले.

गुहागर गांव एका लांबलचक रस्त्याच्या दोहों अंगांस पसरलेलें आहे. वरचा पाट, खालचा पाट अशीं त्याचीं नांवें. एका अंगास आगरें आणि त्यांच्या पलीकडे समुद्र. दुसऱ्या दिवशीं स्नान करून, सोंवळें नेसून आम्ही व्याडेश्वरासमोर उभे राहिलों. पाय दुखत होते. घाम मात्र नव्हता, हें वहिनींनीं आवर्जून पाहून घेतलें!

येथून दक्षिणेस तवसाळपर्यंतची जी वाट आहे ती आमच्या मतें या प्रदेशांतील सर्वांत सुंदर. आसगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी आणि तवसाळ. धोपाव्यापासून मोजलें तर सगळा मार्ग साठ-सत्तर किलोमीटरांचा. पालशेतजवळ सुसरोंडी येथें अश्मयुगीन माणसाच्या वस्तीची गुहा आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनीं उजेडांत आणली. चित्पावन कोंकणांत केव्हां आले, यावर आम्ही ओसरीवर रात्र रात्र वाद घालतों; त्या भूमीवर माणूस किती आधीं नांदत होता, हें आमच्या वादांत कधीं आलेंच नव्हतें.

आतां या प्रवासांतील मुख्य गोष्ट. पालशेत ओलांडल्यावर एका उतारावर आमच्या सायकलचें मागचें चाक पंक्चर झालें. रस्त्याच्या कडेला गडग्याला टेकून चिरंजीव ट्यूब काढूं लागले आणि आम्ही शेजारच्या घराच्या पडवींत पाणी मागावयास गेलों. घरांतील आजोबा ऐंशीच्या पुढचे असावेत. त्यांनीं पाणी दिलें, मागून कोकमाचें सरबत दिलें, आणि मग कोंकणांतील रिवाजाप्रमाणें विचारलें, “कोण आपण? मूळचे कुठले?” आम्हीं आडनांव सांगितलें. आमच्या कुलवृत्तान्तांत पणजोबांचें गांव दिलें आहे, परंतु घर कोठें होतें, कोणतें होतें, याचा त्यांत उल्लेख नाहीं. वडिलांनाहि तें ठाऊक नव्हतें. आजोबांनीं आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें. मग काठी उचलून ते म्हणाले, “अहो, मग तुम्ही आमचेच कीं! त्या आंब्याखालीं तुमचं जोतं आहे. चला, दाखवतों.”

गडग्यापलीकडे पन्नास पावलांवर जांभ्याच्या चिऱ्यांचें एक जोतें होतें. त्यावर रानटी झुडपें माजलीं होतीं, परंतु चार पायऱ्या आणि तुळशीवृंदावनाची बैठक स्पष्ट दिसत होती. मागें विहीर होती. तिचें पाणी आजहि तीन घरें भरतात. आपण मघाशीं प्यालों तें पाणी त्याच विहिरीचें, हें आजोबांनीं सहज बोलतां बोलतां सांगितलें. पुतणीनें कांहीं न बोलतां पायरीवरचीं पानें हातानें बाजूस सारलीं. आम्हांसहि बराच वेळ कांहीं बोलतां आलें नाहीं. वेळणेश्वराला जातांना या वळणावरून आमची मोटार कितीदां गेली असेल, याचा हिशेब मनांत आला आणि तो आम्हीं तसाच सोडून दिला.

मेघदूतांतील यक्ष उत्तरेस निघालेल्या मेघाला वाट वांकडी करून उज्जयिनीवरून जाण्यास सांगतो. हें आम्हीं वर्षानुवर्षें मुलांना शिकविलें. त्यांतील सौंदर्य आम्हांस कळत होतें; पण तो सल्ला आपल्यालाहि लागू आहे, हें कळावयास चाक पंक्चर व्हावें लागलें.

तिसऱ्या दिवशीं हेदवीची बामणघळ पाहिली. कड्याच्या अरुंद भेगेंत भरतीचें पाणी घुसतें आणि मोठा आवाज करून उंच उसळतें. ओहोटीला गेलें तर कांहींच दिसत नाहीं, म्हणून भरतीची वेळ आधीं विचारून घ्यावी. पुढें सड्यावरून तवसाळ, आणि तेथून फेरीनें जयगड. जयगडला बंदर व वीजकेंद्र असल्यामुळें तेथून मोठ्या रस्त्यावर अवजड मालमोटारींची वर्दळ असते. तेथें सायकली पुन्हां मोटारीवर चढवून आम्ही मालगुंडला गेलों आणि केशवसुतांच्या जन्मस्थानीं डोकें टेकून प्रवास संपविला. १८६६ सालीं जन्मलेले कृष्णाजी केशव दामले हेहि पेशानें शिक्षकच होते, हें आम्हांस त्या दिवशीं विशेष जवळचें वाटलें.

परंतु एक गोष्ट मनांत सलत राहिली. रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग कित्येक वर्षें शासनाच्या योजनेंत आहे. आतां त्यावरील मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचें काम राज्य रस्ते विकास महामंडळानें हातीं घेतलें असून दाभोळ आणि जयगड या दोन्ही खाड्या त्या योजनेंत आहेत. पूल झाले म्हणजे मोटारी थेंबाथेंबानें न येतां लोंढ्यानें येतील, हें सांगावयास ज्योतिषी नको. फेरीबोटींत आम्ही याविषयीं हळहळलों तेव्हां शेजारीं उभ्या असलेल्या एका बाईंनीं आमचें बोलणें ऐकलें. त्या म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही दिवसा येतां. माझ्या सुनेला रात्रीं कळा लागल्या, तेव्हां फेरी नव्हती. चिपळूणवरून वळसा घालून न्यावं लागलं.” सून व नातू सुखरूप आहेत, हें त्यांनीं आपणहून सांगितलें, कदाचित् आमचा चेहरा पाहून सांगितलें असेल. आमच्या शांततेसाठीं त्यांनीं रात्रीं खाडीच्या कांठीं अडकून पडावें, असें म्हणण्याचा आम्हांस कोणता अधिकार? पूल व्हावेत. मात्र महामार्ग सड्यावरून नेतां येईल तेथें तसाच न्यावा; गांवांतून जाणारी जुनी अरुंद वाट, तिच्या कडेचे गडगे व आंबे यांना हात लावूं नये, एवढें मागणें त्या भूमीचे वंशज म्हणून आपण सर्वांनीं शासनाकडे अवश्य करावें. आणि ज्यांना ही वाट आज आहे तशी पाहावयाची असेल त्यांनीं फार दिवस थांबूं नये.

जाऊं इच्छिणाऱ्यांसाठीं थोडे अनुभवाचे बोल. दिवाळीनंतर निघावें आणि महाशिवरात्रीच्या आंत परतावें. पुढें दमट उष्मा असह्य होतो, आणि पावसाळ्यांत घाट्यांवर शेवाळ धरतें. सकाळीं उजाडतां निघून साडेदहाला सांवलींत बसावें व चार वाजतां पुन्हां निघावें. सायकलला चढासाठीं हलके गिअर असावेत. उतारावर ब्रेक सतत दाबून धरूं नये. आलटून पालटून दाबावे, म्हणजे रबरें तापत नाहींत. निघण्यापूर्वीं ब्रेकचीं रबरें नवीं घालावीं. एक जादा ट्यूब, पंक्चरचें सामान, हवेचा पंप आणि दोन बाटल्या पाणी जवळ ठेवावें. सड्यावर कोसभर झाड नसतें, तेथें पाणी कोठलें? फेरीची पहिली व शेवटची वेळ त्या त्या दिवशीं धक्क्यावर विचारावी. आणि तरुणांनीं ओहोटीच्या कठीण वाळूवर सायकल फिरविण्याचा मोह टाळावा. खारें पाणी चेन खातें हें तर खरेंच. पण हिंवाळ्यांत याच पुळणीवर समुद्रकासवें अंडीं घालतात, तीं चाकाखालीं येऊं नयेत.

पुण्याला परतल्यावर आम्हीं जोत्याची हकीकत दादांना पुन्हां एकदां सविस्तर सांगितली. येतांना परत जाऊन त्यांनीं तें पाहिलेंच होतें. विहिरीचें पाणी तांब्यांत भरून देवघरांत आणूनहि ठेवलें होतें. दादांनीं सर्व ऐकून घेतलें आणि नेहमींप्रमाणें ते गप्प राहिले. हें मौन नकाराचेंच असावें, असें आम्ही समजलों.

गेल्या आठवड्यांत त्यांनीं चिरंजीवांना हांक मारून माळ्यावरची आपली जुनी सायकल खालीं काढावयास सांगितली. दादांना बहात्तरावें लागलें आहे. वहिनी म्हणाल्या, “अहो, तिथं चढ किती आहेत, ऐकलंत ना?” दादा चाकावरची धूळ पुसत होते. मान वर न करतां ते म्हणाले, “मग उतरून चालूं. अट मीच घातली होती ना?”